दात तिचे, हात काकांचे

डिसेंबर २०२२ मध्ये कॉलेजला नाताळची सुट्टी लागली आणि मी आईला घेऊन सुरतला मावशीकडे गेले. मावशी आईपेक्षा सहा वर्षांनी मोठी. या दोघींचे माहेर रबकवीचे. घरात माग, दारात माग आणि बोलणे सगळे कन्नड. काका मात्र येवल्याचे. विणकरांच्या नात्यागोत्यात स्थळे लांबून येत, तसेच हे आले. लग्नानंतर काका सुरतेत यंत्रमागावर जॉबर म्हणून लागले आणि लिंबायतमध्ये दोन खोल्यांचा संसार सुरू झाला. घरात मराठी, बाजारात गुजराती. मावशीचे कन्नड पंचेचाळीस वर्षे फक्त आईशी फोनवर बोलण्यापुरते उरले होते.

मावशीला स्मृतिभ्रंश, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात तो आजार जडल्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती. मुलगा-सून नोकरीनिमित्त वापीला. तिचे न्हाणे, कपडे, जेवण सगळे काकाच करीत. आयुष्यभर मागाचे नट-बोल्ट आवळलेला हा माणूस बायकोची वेणी घालताना पाहून आईला भरून आले.

सुरतेत थंडी पडली की तापीकाठी पोंकाची दुकाने लागतात. पोंक म्हणजे आपला हुरडा, कानडीतली सीतनी. काकांनी हौसेने पोंक आणि सोबत लिंबू-मिरीची शेव आणली. मावशीने ताटाकडे पाहिले आणि चक्क म्हणाली, "सीतनी!" आम्हाला कोण आनंद झाला! तिने मूठभर दाणे तोंडात टाकले, दोनदा चावले आणि सगळे ताटात थुंकले. मग उजवा हात गालावर दाबून "हल्ल ब्यानी, हल्ल ब्यानी" असे म्हणत ती डोलू लागली.

काका ओशाळून म्हणाले, "हे हल्ली रोजचंच आहे. दोन महिने झाले, काहीतरी हल-हल, ब्यानी-ब्यानी बडबडत असते. जेवण सोडलंय. रात्री झोपत नाही. जवळ गेलं की हात उगारते. आजार वाढला, दुसरं काय!"

आई आणि मी एकमेकींकडे पाहत राहिलो. आपल्याकडच्या वाचकांना अर्थ सांगायला नकोच. दात दुखतोय! दोन महिने ही बाई अगदी स्वच्छ शब्दांत सांगत होती, की माझा दात दुखतोय. ती बडबड नव्हती. पण ज्या गल्लीत मराठी, गुजराती, हिंदी, तेलुगू, उडिया सगळ्या भाषा ऐकू येतात, तिथे कन्नड समजणारे एकही घर नव्हते.

दुसऱ्याच दिवशी दंतवैद्याकडे गेलो. उजवीकडची खालची दाढ तुटून मुळाशी पू झाला होता आणि दाढेच्या धारेने गालाला आतून जखम झाली होती. काकांनी विचारले, "फार दुखत असेल का हो?" डॉक्टर म्हणाले, "तुमची दाढ असती तर रात्रभर झोपला नसता." काका हळूच म्हणाले, "तीही झोपत नव्हती."

दाढ काढली. औषधे झाली. आठवड्याभरात मावशी मऊ खिचडी खाऊ लागली, रात्री झोपू लागली. हात उगारणे बरेच थांबले. स्मृतिभ्रंश होता तिथेच होता; पण आम्ही सर्वांनी ज्याला 'आजार वाढला' म्हणून हात टेकले होते, त्यातला मोठा भाग एका दाढेचा होता. हा लेख लिहिण्याचे कारण तेच.

दातांकडे कोण बघतो?

हा प्रश्न चार-दोन घरांचा राहिलेला नाही. भारतातील वृद्धांच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेला जो अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार साठीपुढच्या शंभरांपैकी सुमारे ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे देशात अंदाजे ८८ लाख माणसे. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. अशा रुग्णाच्या गोळ्या, जेवण, शौच यांकडे घरचे लक्ष देतात. दात मात्र राहून जातात. "आता या वयात दात कसले घासायचे!" असे सहज म्हटले जाते.

पण तोंडाची अस्वच्छता तोंडापुरती राहत नाही. अशा रुग्णांचे गिळणे हळूहळू बिघडते. लाळ आणि अन्नाचे कण चुकून श्वासनलिकेत जातात आणि तोंडातले जंतू त्यांच्याबरोबर फुप्फुसात उतरतात. यातून होणारा न्यूमोनिया हा स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातला मोठा धोका आहे. जपानमधील ११ वृद्धनिवासांत दोन वर्षे केलेला एक अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्या वृद्धांचे तोंड नियमितपणे स्वच्छ ठेवले गेले, त्यांच्यात ११ टक्के जणांना न्यूमोनिया झाला. ज्यांची अशी काळजी घेतली गेली नाही, त्यांच्यात १९ टक्के जणांना. एवढा फरक साध्या ब्रशने पडला.

त्यात भर म्हणजे, झोप, नैराश्य किंवा चिडचिड यांसाठीच्या अनेक गोळ्यांनी लाळ कमी होते. तोंड कोरडे पडले की दात लवकर किडतात. गोड खाण्याची ओढही वाढलेली असते, आणि घास गिळायचे विसरल्याने तो गालात तासन्‌तास साठून राहतो. जेवणानंतर मावशीच्या गालात अर्धी पोळी सापडल्याचे काका सांगत.

ती तोंड का उघडत नव्हती?

दाढ काढून झाली तरी पुढचा प्रश्न उरला होता. रोज दात घासायचे कसे? कारण मावशी तोंड उघडतच नव्हती.

त्या रात्री काकांनी मला गॅलरीत बोलावून एक गोष्ट सांगितली. दिवाळीच्या सुमारास एकदा त्यांचा संयम सुटला होता. त्यांनी एका हाताने मावशीचा जबडा धरला आणि दुसऱ्या हाताने ब्रश आत घातला. तिने त्यांचे बोट कडकडून चावले. मग ती भिंतीला टेकून रडत बसली. "पन्नास वर्षं होत आली लग्नाला," काका म्हणाले, "कधी हात उगारला नव्हता गं मी तिच्यावर. आणि ते केलं कशासाठी, तर दात घासायला!" त्यानंतर त्यांनी ब्रशच बंद केला होता.

मी त्यांना दोष देऊ शकले नाही. आपणही तेच केले असते. पण मावशीच्या बाजूने विचार करून पाहा. ब्रश काय असतो हे ती विसरली आहे. समोरचा माणूस कधी ओळखीचा वाटतो, कधी नाही. तो अचानक एक काडी तोंडात खुपसतो आणि आत तर ठणका लागलेला आहे. अशा वेळी चावणे हा वेडेपणा नाही. स्वतःला वाचवण्याचा तिच्याकडे तेवढाच मार्ग उरला होता. जो दात घासू देत नाही, त्याला आधी दुखत तर नाही ना, हे बघायला हवे.

दात घासणे आपल्याला एकच काम वाटते. मोजून पाहिले तर ती दहा-बारा कामे आहेत: ब्रश उचलणे, टोपण उघडणे, पेस्ट लावणे, तोंड उघडणे, हात फिरवणे, थुंकणे. रुग्णाच्या मनातली ही साखळी मध्येच तुटते. तुटली तिथे सांधून दिली, तर पुढचे काम कित्येकदा त्याचे तोच करतो. हे काकांना लगेच पटले. "ताण्याचा धागा तुटला की सगळा माग फाडत नाहीत," ते म्हणाले. "तुटला तेवढाच सांधायचा."

चार कन्नड शब्द

आईने दुसऱ्या दिवशी मावशीला खुर्चीवर बसवले, शेजारी बसली आणि लहानपणीच्या सुरात म्हणाली, "बाय तगी अक्का, आ अन्नु." मावशीने निमूटपणे तोंड उघडले. काका बघतच राहिले.

उशिरा शिकलेल्या भाषा आधी विरघळतात आणि आईच्या मांडीवरची भाषा शेवटपर्यंत तग धरते, असे स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांत दिसते. मावशीचे गुजराती आधी गेले, मग मराठी विरळ झाले. मागे उरले ते रबकवीचे कन्नड. काका तिला मराठीत विनवत होते आणि ती वेगळ्याच गावात बसली होती.

काकांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या कडेला देवनागरीत चार शब्द लिहून घेतले. 'बाय तगी', म्हणजे तोंड उघड. 'हल्ल तिक्कु', म्हणजे दात घास. 'उगुळु', म्हणजे थुंक. चौथा शब्द त्यांनी बोलायचा नव्हता, ऐकायचा होता: 'साक', म्हणजे पुरे. मावशी 'साक' म्हणाली की हात तिथेच थांबवायचा, मग एकच बाजू घासून झाली असली तरी. आईने ही अट घातली तेव्हा काका म्हणाले, "मग ती रोजच साक म्हणेल." पहिले आठ दिवस तसेच झाले. ब्रश ओठाला लागला की 'साक'. काका थांबत, ब्रश ठेवून देत, अर्ध्या तासाने पुन्हा येत. हळूहळू 'साक' उशिरा येऊ लागले. थांब म्हटल्यावर हा माणूस थांबतो, एवढे तिला कुठेतरी कळले असावे.

रबकवीला लहानपणी दात राखुंडीने, बोटाने घासत. ही आठवणही कामी आली. ब्रश नको असेल त्या दिवशी काका तिच्याच बोटावर थोडी पेस्ट लावत. बोट आपोआप तोंडात जाई, दातांवरून फिरे. मग काका तिच्या हाताखाली हात देऊन बोटाच्या जागी ब्रश देत. आपल्या निपाणी-चिकोडी भागातल्या अनेक वृद्ध बायकांना मिश्रीची सवय असते आणि विस्मरणातही त्या डबी शोधत राहतात. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर आणि टूथपेस्टवर सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. घरी भाजलेली मिश्री मात्र अजून घरोघरी आहे. तिने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अशा वेळी बोट तेच ठेवावे, बोटावरची वस्तू बदलावी. मिश्री लावणाऱ्यांच्या गालात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली तर डॉक्टरांना लगेच दाखवावी.

रोजचा क्रम

काकांचा जो क्रम बसला, तो आपल्या घरांतही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर देते.

वेळ ठरलेली असावी आणि ती रुग्णाची शांत वेळ असावी. अनेकांची संध्याकाळी घालमेल वाढते. मावशीचीही वाढे. म्हणून काका रात्रीचे घासणे जेवण होताच उरकत. दिवसातून दोनदा घासणे चांगले, पण एकदाच जमणार असेल तर रात्रीचे चुकवू नये. एका वेळी सगळे दात होत नसतील तर सकाळी एक बाजू, रात्री दुसरी.

रुग्णाला खुर्चीत ताठ बसवावे. डोके मागे टेकवून तोंड वर करू नये. पाणी, पेस्ट घशात जाऊन ठसका लागतो. उजेड भरपूर असावा. समोर उभे राहून अंगावर गेल्यासारखे करण्यापेक्षा बाजूला, किंचित मागे उभे राहावे. आरशाने काही रुग्णांना मदत होते, तर काहींना आरशात परके माणूस दिसून भीती वाटते. मावशी आरशातल्या बाईला "कोण आलंय?" विचारी, म्हणून काकांनी तो झाकला.

ब्रश लहान डोक्याचा, मऊ केसांचा घ्यावा. लहान मुलांचाही चालतो. फ्लोराइडयुक्त पेस्ट वाटाण्याएवढी पुरे; गिळण्याची सवय असेल तर त्याहून कमी. बारीक मूठ धरता येत नसेल तर ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून ती जाड करावी. एक ब्रश रुग्णाच्या हातात द्यावा आणि दुसऱ्याने आपण घासावे. हातात काही असले की विरोध कमी होतो. सुरुवात समोरच्या दातांच्या बाहेरच्या बाजूने करावी, आतल्या बाजूला शेवटी जावे. हिरड्यांची कड विसरू नये. थोडे रक्त आले म्हणून घासणे सोडू नये, कारण बहुधा ते मळामुळेच येते. आठ-दहा दिवसांतही थांबले नाही तर दाखवावे.

एका वेळी एकच सूचना द्यावी, तीही दोन-तीन शब्दांत. आपण स्वतः तोंड उघडून दाखवावे. गाणे गुणगुणले तरी चालते. आपले बोट मात्र दातांच्या मध्ये कधीही घालू नये. रुग्णाला चूळ भरता येत नसेल तर पाण्याचा आग्रह धरू नये. ओल्या मऊ कापडाने पेस्ट टिपून घ्यावी. प्रत्येक जेवणानंतर गालात घास उरला नाही ना, हे पाहावे.

कवळी असेल तर ती रोज काढून, ब्रश आणि साध्या साबणाने धुवावी. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे ठेवावे, म्हणजे निसटली तरी फुटत नाही. उकळते पाणी वापरू नये, कवळी वाकते. रात्री ती काढून थंड पाण्यात ठेवावी आणि हिरड्या, जीभ मऊ कापडाने पुसाव्यात. कवळी सैल झाली की टोचते, आणि रुग्ण ती कुठेतरी लपवून ठेवतो. तो खोडकरपणा नसतो.

न सांगितलेले दुखणे

प्रत्येक घरात 'हल्ल ब्यानी' समजणारी बहीण पोचेलच असे नाही. आणि पुढे पुढे शब्दही जातात. तेव्हा दुखणे दुसऱ्या वाटेने बोलते. रुग्ण अचानक जेवण सोडतो किंवा एकाच बाजूने चावतो. थंड-गरम नको म्हणतो. सारखा गालाला हात लावतो, ओठ चावतो, कवळी नाकारतो. झोप उडते, चिडचिड वाढते, तोंडाला वास येतो, गालावर सूज दिसते. यातले काहीही नव्याने दिसले तर 'आजार वाढला' म्हणण्याआधी बॅटरी घेऊन तोंडात पाहा आणि दंतवैद्याकडे जा.

खरे तर जायला हवे ते निदान होताच. रुग्ण खुर्चीत शांत बसू शकतो, सांगितलेले ऐकतो, तेव्हाच किडलेले दात भरून, हलणारे काढून, कवळी बसवून घेतली तर पुढची वर्षे सोपी जातात. नंतर दर सहा महिन्यांनी तपासणी. जाताना सगळ्या गोळ्यांची यादी न्यावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगावे. ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. आपल्या भागात बेळगावला के.एल.ई.चे आणि मराठा मंडळाचे, सांगलीला भारती विद्यापीठाचे अशी दंत महाविद्यालये आहेत. वृद्धांसाठीच्या कोणत्याही अडचणीत १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी, आणि सेवा करणाऱ्याचेच मन थकले तर १४४१६ ही 'टेलिमानस' सेवा, दोन्ही विनामूल्य आहेत. काकांसारखी माणसे दुसऱ्यासाठी फोन करतील, स्वतःसाठी नाही. म्हणून हे मुलांनी करावे.

दोन भाषांचे घर

आपल्या दुभाषिक घरांसाठी एक दिलासा देणारी गोष्ट सांगते. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षांनी उशिरा झालेली दिसली. शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. पण तोच आजार आल्यावर दोन भाषांतली कोणती मागे उरेल, याचा विचार आपण करीत नाही. सून मराठी, सासू कानडी. नातवंडे इंग्रजी शाळेत. उद्या सासूबाईंनी 'नीर' मागितले तर देणारे कोणी असेल ना?

जानेवारी २०२४ मध्ये मी पुन्हा सुरतला गेले. मावशी आता फारच कमी बोलते. मला तिने 'तंगी' म्हटले, म्हणजे मी तिला माझी आई वाटले. काकांनी पोंकवडा आणून तो कुस्करून, दह्यात कालवून तिला भरवला. मग खुर्ची उजेडाकडे वळवली, कडेला उभे राहिले आणि येवल्याच्या हेलात म्हणाले, "बाय तगी." उच्चार असा, की मला हसू आवरेना. मावशीने तोंड उघडले. वरची बाजू झाली, खालची झाली. डावीकडच्या दाढा राहिल्या होत्या तेवढ्यात ती म्हणाली, "साक."

काकांनी ब्रश बाजूला ठेवला, ओल्या फडक्याने तिचे ओठ पुसले आणि मला म्हणाले, "डावीकडच्या सकाळी."

वाचकहो, आज रात्री जेवणे झाली की घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा: तुमच्या लहानपणी दात, तोंड, पाणी, दुखणे आणि पुरे यांना घरात काय म्हणत? मिळतील ते पाच शब्द दिनदर्शिकेच्या कडेला लिहून ठेवा. कधी लागतील सांगता येत नाही.